काटा खरे बोलला पाहिजे

गोव्यात जुन्या गाड्यांची हौस काही कमी नाही. लग्नाला नवरा-नवरीसाठी फुलांनी सजवलेली मॉरिस किंवा ऑस्टिन आणायची, फेस्ताच्या दिवशी ठेवणीतली फियाट बाहेर काढायची, जमले तर वर्षातून एकदा पणजीत मांडवीच्या काठाने मिरवून आणायची, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. रंग आरशासारखा, बंपरवर नवे क्रोम, सीटना नवे कापड. मी अशा गाडीजवळ गेलो की मालकाची परवानगी घेऊन आधी आत डोकावतो आणि डॅशबोर्ड बघतो. तिथे बहुतेक वेळा एकच दृश्य असते. पेट्रोलचा काटा शून्यावर पडलेला, टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही, अँपिअर मीटर मेल्यात जमा. मालकाला विचारले तर तो हसून सांगतो, "ते चालत नाही हो. टाकीत काठी घालून बघतो मी."

ज्या गाडीवर लाखभर रुपयांचा रंग चढला तिच्यात पेट्रोल किती आहे हे कळायला बांबूची काठी लागावी, हे मला पटत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. जुन्या गाडीची डागडुजी काट्यांपासून सुरू झाली पाहिजे, काट्यांवर येऊन थांबता कामा नये. आणि ती करताना दिसते ते जुनेच ठेवावे, दिसत नाही ते बिनदिक्कत सुधारावे. याला दोन्ही बाजूंनी विरोध होतो हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रपंच.

आधी थोडे आपल्या गाड्यांविषयी. मुक्तीपूर्व गोव्यात, विशेषतः १९५० च्या दशकात, लोहखनिजाच्या धंद्याने पैसा खेळू लागला आणि युरोपातल्या गाड्या बंदरात उतरू लागल्या. त्याच काळात सीमेपलीकडे भारतात परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने येत होती. म्हणून मुंबईत क्वचित दिसणाऱ्या गाड्या मडगावात, म्हापशात सहज दिसायच्या. मर्सिडिजच्या टॅक्सीत बसून गावी गेल्याच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली, पण गोव्यात मात्र डावीच राहिली. १९ डिसेंबर १९६१ नंतर हा ओघ आटला आणि मग आपल्याकडेही अँबेसेडर आणि फियाट आल्या. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. फियाटची पुढची पिढी जी पद्मिनी, तीही त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. थोडक्यात, यातल्या कोणत्याही गाडीचा मूळ मीटर आता कारखान्यातून येणार नाही. आहे तो टिकवायचा, एवढेच आपल्या हाती आहे.

आणि टिकवणे वाटते तेवढे अवघड नाही. आपण समजतो तसा मीटर सहसा "जळालेला" नसतो. आपल्या हवेत मीठ आहे, आणि पाऊस चार महिने मुक्काम ठोकून असतो. घरातल्या दाराच्या बिजागऱ्या गंजतात, तिथे गाडीच्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेली अर्थिंगची वायर कशी वाचेल? विजेला जायला जसा रस्ता लागतो तसा परतायलाही लागतो. जुन्या गाडीत परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्राच. स्क्रूखाली गंजाचा पापुद्रा धरला की काटा खोटे बोलू लागतो किंवा गप्प बसतो. मीटर उघडण्याआधी तासभर खर्चून डॅशबोर्डमागचे, इंजिनचे आणि टाकीवरचे अर्थिंगचे सगळे सांधे पॉलिश पेपरने घासून, पुन्हा आवळून, वर थोडे ग्रीस लावून बघावे. बरेचसे "मेलेले" काटे एवढ्यावर उठून बसतात.

त्यानंतरचे निदान करायला विद्युत अभियंता असण्याची गरज नाही, पण आपल्या गाडीतला मीटर कुठल्या जातीचा ते माहीत हवे. ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीचे मीटर असायचे. त्यात ढोबळमानाने दोन पिढ्या आहेत. पहिल्या पिढीच्या पेट्रोल मीटरमध्ये तारेची दोन वेटोळी आणि त्यांच्यामध्ये लोखंडाचा छोटा तुकडा. याचा काटा चपळ. वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले की काटाही हिंदकळतो. १९६० च्या दशकात दुसरी पिढी आली. तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. तार तापली की पट्टी वाकते, पट्टी वाकली की काटा सरकतो. हा काटा मुद्दामच आळशी आहे. चावी फिरवल्यावर जागेवर यायला त्याला अर्धा मिनिट लागते. तो बिघाड नव्हे, स्वभाव आहे.

या दोन पिढ्यांची घोळवाघोळव झाली की मोठी गंमत होते. जुन्या पिढीत टाकीतल्या फ्लोटचा विद्युतरोध टाकी रिकामी असताना कमी आणि भरलेली असताना जास्त असतो. नव्या पिढीत नेमके उलट. एकाचा फ्लोट आणि दुसऱ्याचा मीटर जोडला की टाकी भरली की काटा रिकामी दाखवतो आणि रिकामी झाली की भरलेली. असा उलटा काटा मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी "मीटर खराब" असाच शेरा मारलेला होता. मीटर बिचारा चोख काम करत होता. त्याला फक्त चुकीचा साक्षीदार दिला होता.

चाचणीही सोपी आहे. टाकीवरची वायर सोडवायची, चावी चालू करायची. दुसऱ्या पिढीचा मीटर असेल तर काटा "रिकामी"वर राहिला पाहिजे. तीच वायर क्षणभर पत्र्याला टेकवली की तो "भरलेली"कडे निघाला पाहिजे. पहिल्या पिढीत याच्या उलट. काटा असा फिरला तर मीटर आणि वायर शाबूत, दोष टाकीत. ही चाचणी टाकीच्या तोंडाशी ठिणगी पाडून करू नये, पेट्रोलच्या वाफेला निमित्तच हवे असते. वायरचा जोड टाकीपासून लांब शोधावा, आणि चावी बंद असताना वायर टेकवून मग चावी फिरवावी. काटा वर निघालेला दिसला की लगेच बंद करावी.

टाकीतल्या फ्लोटला आजकाल नवीच व्याधी जडली आहे. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. फार जुन्या गाड्यांत फ्लोट बुचाच्या लाकडाचा असे आणि त्यावर लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, लेप असे. आपले सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. इथेनॉल म्हणजे त्या स्पिरिटाचाच सख्खा भाऊ. लेप सुटतो, बूच पेट्रोल पिते, फ्लोट बुडतो आणि काटा कायमचा रिकामीवर. पितळी फ्लोट असेल तर तो सांध्यात फुटून आत पेट्रोल भरलेले असते. तो स्वच्छ धुऊन, आतले पेट्रोल पूर्ण काढून, वारा देऊन गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात ते दिसते. तिथे झाळ लावली की काम झाले. यात हजार रुपयेही लागत नाहीत.

आता सगळेच काटे एकदम बिघडले असतील तर? हा फार महत्त्वाचा प्रश्न, कारण इथेच चांगले मीटर भंगारात जातात. पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकाच वेळी वाजवीपेक्षा जास्त दाखवू लागले तर दोन मीटर एकदम बिघडले असे नसते. दोष त्या दोघांना वीज पुरवणाऱ्या छोट्या डबीत असतो. जोडपट्टीच्या मीटरला स्थिर दाब लागतो. बॅटरीचा दाब तर इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना चौदापर्यंत. म्हणून डॅशबोर्डमागे व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची काडेपेटीहून लहान डबी असते. तिच्यातही जोडपट्टी. ती तापते, वाकते, संपर्क तोडते, थंड होते, पुन्हा जोडते. असे सतत चालू-बंद करत ती सरासरी १० व्होल्ट देते. काटे आळशी असल्यामुळे त्यांना ही उघडझाप जाणवत नाही. कल्पना इतकी साधी आणि इतकी हुशार की ज्याला सुचली त्याला नमस्कार करावासा वाटतो.

या डबीची अर्थिंग गेली किंवा तिचे संपर्क चिकटले की पूर्ण १२-१४ व्होल्ट मीटरकडे जातात आणि दोन्ही काटे वर चढतात. असेच चालू ठेवले तर मीटरमधली तार खरोखर जळू शकते. मल्टीमीटर लावून बघणाऱ्याला आकडे शून्य आणि बारा यांच्यात नाचताना दिसतात आणि तो म्हणतो डबी गेली. चांगली डबीसुद्धा असेच नाचते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

इथे मी सुधारणेच्या बाजूने उभा आहे. साठ वर्षे उघडझाप करून थकलेल्या पट्टीच्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवावा. बाजारात ७८१० नावाचा तीन पायांचा भाग चहा-भज्यांच्या किमतीत मिळतो, तो अखंड १० व्होल्ट देतो. जुन्या डबीचे पोट रिकामे करून त्यातच तो आणि दोन कपॅसिटर बसतात. बाहेरून डबी तीच, पत्र्यावरचे अक्षर तेच. सावधगिरी एकच, पण ती जिवाभावाची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेले असे, आजच्या उलट. तशा गाडीला ७८१० चालत नाही, ७९१० लागतो. त्याचे पाय वेगळ्या क्रमाने असतात आणि त्याच्या पाठीचा पत्रा आत येणाऱ्या विजेला जोडलेला असतो. ७८१० सारखा तो सरळ डबीला स्क्रूने आवळला तर शॉर्ट होणार. मध्ये अभ्रकाची चकती घातलीच पाहिजे. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हाती गाडी देऊ नये.

अँपिअर मीटरविषयीही माझे मत ठाम आहे. जुन्या पद्धतीत हेडलाइट, वायपर, सगळ्यांचा प्रवाह या मीटरमधून फिरून जातो. म्हणजे डॅशबोर्डमागे, कापडी वेष्टण झिजलेल्या वायरींच्या गुंत्यात, गाडीतला सर्वांत मोठा प्रवाह एका नटावर अवलंबून. तो नट सैल झाला की तापतो, आणि त्या काळच्या अनेक गाड्यांत फ्यूज अवघे दोन. डायनमो होता तोवर हे निभावले. पण आज बरेच जण हेडलाइट मिणमिणतो म्हणून अल्टरनेटर बसवतात. तो डायनमोच्या दुप्पट प्रवाह सहज देतो आणि ३० अँपिअरपर्यंतच्या मीटरला तो झेपत नाही. अशा वेळी त्या जागी व्होल्टमीटर बसवावा. त्याला बारीक वायर आणि छोटा फ्यूज पुरतो, आणि बॅटरीची तब्येतही तो जास्त स्पष्ट सांगतो. कुशल माणूस जुन्याच मीटरची तबकडी आणि काच ठेवून आतले यंत्र बदलून देतो. ते उत्तम.

दिव्यांचेही तसेच. मीटरमागचे छोटे बल्ब काढून एलईडी घालायची टूम आहे. उजेड पडतो, मीटर तापत नाही, चांगलेच आहे. पण चार्जिंगचा लाल इशारा-दिवा मात्र जुन्या बल्बचाच ठेवावा. अल्टरनेटर बसवला असेल तर याच बल्बमधून जाणाऱ्या थोड्याशा प्रवाहाने तो जागा होतो. एलईडीतून तेवढा प्रवाह जात नाही आणि मग अल्टरनेटर झोपूनच राहतो. दिवा छान, बॅटरी रिकामी.

आता विरोधकांकडे वळतो. एक पंथ सोवळ्यातला. त्यांच्या मते गाडी कारखान्यातून निघाली तशीच पाहिजे, रेग्युलेटर बदलणे म्हणजे भ्रष्टाकार. मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यांच्यामुळेच अनेक गाड्या शाबूत राहिल्या. पण देवळाचा जीर्णोद्धार करताना आपण गाभारा जपतो, विजेची वायर मात्र नवी टाकतो. आग लागू नये म्हणून केलेला बदल मूळ वस्तूचा अपमान करत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी जे नियम केले त्यातही ५० वर्षांहून जुनी गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवताना सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नको, अशी अट आहे. स्टॅबिलायझरच्या डबीत काय आहे हे कोणी विचारत नाही. ते मालकाच्या विवेकावर सोडले आहे, आणि तो विवेक सुरक्षिततेच्या बाजूने असावा.

दुसरा पंथ याच्या उलट. जुने काटे उपटून डॅशबोर्डवर चमकणारे डिजिटल आकडे बसवायचे. माझे खरे भांडण यांच्याशी आहे. एका गॅरेजमध्ये मी जुन्या ब्रिटिश गाडीचे मूळ मीटर भंगाराच्या पिंपात पडलेले पाहिले. तबकड्यांवरचा हस्तिदंती रंग अजून ताजा होता. मालकाला विचारले नव्हते, मालकाने विचारले नव्हते. मीटर फिरवून पाहिले असते तर कदाचित एका स्क्रूचा प्रश्न होता. त्या डॅशबोर्डवर आता निळे आकडे लुकलुकतात आणि गाडी घरच्या वाड्यात टांगलेल्या ट्यूबलाइटसारखी दिसते.

आकडा आणि काटा यांत फक्त रूपाचा फरक नाही. आकडा सांगतो ९२. काटा सांगतो की मघाशी होतो त्याच्यापेक्षा जरा वर आलोय. चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढताना चालकाला हवी असते ती ही दुसरी माहिती. रस्त्यावरची नजर न हलवता डोळ्याच्या कोपऱ्यातून काट्याचा कल कळतो. पाणी उकळण्याआधी, हेड गॅस्केट उडण्याआधी गाडी सावलीला थांबवता येते. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. घाटात काटा वर चढत चढत अचानक खाली पडला तर हायसे वाटून घेऊ नये. पाणी संपून सेंसर कोरडा पडला की काटा खाली येऊ शकतो. तिथे लगेच इंजिन बंद. मॉरिस मायनरसारख्या गाडीत तर मुळात टेंपरेचर मीटरच नव्हता. तिला घाटावर न्यायचे असेल तर त्या काळच्या घडणीचा एखादा वेगळा मीटर डॅशबोर्डखाली, मूळ पत्र्याला भोक न पाडता, लावायला माझी पूर्ण संमती आहे.

म्हणून माझे नियम तीन. नवा भाग असा बसवावा की उद्या कोणाला तो काढून जुना परत लावता आला पाहिजे. काढलेला जुना भाग पुडीत बांधून, चिठ्ठी लावून गाडीसोबत ठेवावा. गाडी विकली तर तीही द्यावी. आणि तबकडीला हात लावताना दहा वेळा विचार करावा. काच पुसायच्या द्रवाने जुनी अक्षरे निघून येतात. मऊ कोरडा ब्रश पुरे. अंधारात चमकणारे काही जुने रंग रेडियमचे असत, ते तर खरवडूच नयेत. तबकडीवर थोडा पिवळेपणा राहिला तर राहू द्या. आजोबांच्या फोटोला आपण पांढरा रंग देत नाही.

हे सगळे करणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत, आणि मला खरी काळजी त्याची आहे. टेस्ट लॅम्प घेऊन, कानाने स्टॅबिलायझरची टिकटिक ऐकून दोष सांगणारे म्हातारे वायरमन अजून फोंड्याला, म्हापशाला, वास्कोला एखाद-दुसरे सापडतात. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात आहेत, कारण आपण मीटर दुरुस्त करायला नेत नाही, बदलायला नेतो. दुरुस्तीचे दोन तास लागले तर मजुरीवरून घासाघीस करतो आणि नव्या डिजिटल खोक्याला मात्र मागेल ती किंमत देतो. गाडी सांभाळणाऱ्याने अशा माणसाजवळ एक दुपार बसावे, मजुरी पूर्ण द्यावी, आणि जमल्यास आयटीआयमधल्या एखाद्या हुशार पोराला सोबत न्यावे. तो जे पाहील ते पुस्तकात मिळणार नाही.

चवथीनंतर पाऊस ओसरला की जुन्या गाड्या बाहेर निघतील. यंदा रंगाच्या डब्याआधी पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि ग्रीसची डबी आणा, डॅशबोर्डखाली वाकून बघा. काठी टाकीबाहेर राहू द्या.